परवानगी नव्हे, वर्दी : इंग्लंडात सायकलची टाइम ट्रायल भरवताना

९ नोव्हेंबर २०२३, गुरुवार. आमच्या सायकल क्लबची वार्षिक सभा एका पबच्या मागच्या खोलीत चालली होती. जमाखर्च मंजूर झाला, जर्सीच्या रंगावरून नेहमीचं भांडण झालं, आणि मग सेक्रेटरीबाईंनी विचारलं, "जूनची ओपन टेन कोण बघणार?" इतकी वर्षं ती बघणारे गृहस्थ नोकरीपायी दुसऱ्या गावी गेले होते. जाताना पुढच्या वर्षीची तारीख मात्र लावून गेले होते : रविवार, १६ जून २०२४. खोलीतले सगळे आपापल्या ग्लासाच्या तळाशी काहीतरी शोधू लागले. मी दोन वर्षं या क्लबाच्या स्पर्धांमध्ये सायकल चालवली होती, प्रत्येक वेळी चहा-केक हाणला होता, आणि एकदाही चौकात मार्शल म्हणून उभी राहिले नव्हते. शरम वाटली आणि हात वर केला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे नक्की काय करायचंय?" मलाही माहीत नव्हतं.

पुढचे सात महिने काय काय झालं ते लिहून ठेवते आहे. इंग्लंडातल्या क्लबांमधून आता बरीच मराठी मंडळी सायकल चालवताना दिसतात. त्यांतल्या कुणावर ही वेळ आली तर निदान कुठल्या दारावर थाप मारायची ते कळेल.

टाइम ट्रायल म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी केलेली शर्यत. दर मिनिटाला एक स्वार सुटतो, पाच मैल जातो, राउंडअबाउटला वळसा घालून परत येतो. दहा मैलांची म्हणून 'टेन', इतर क्लबांच्या स्वारांनाही खुली म्हणून 'ओपन'. दुसऱ्याच्या मागे वारा चुकवत राहायचं नाही. रस्ता बंद नसतो. मोटारी, ट्रॅक्टर, घोडेस्वार सगळे आपापल्या वाटेने जात असतात. मी मूळची साताऱ्याची. लहानपणी काका मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला बोरघाटात घेऊन जायचे, 'घाटाचा राजा' कोण होतो ते बघायला. त्यामुळे शर्यत म्हणजे शिट्ट्या, पोलीस आणि कठड्यावर चढलेली माणसं, असं चित्र डोक्यात पक्कं. इथे प्रेक्षक म्हणजे कुंपणापलीकडच्या मेंढ्या.

पहिला गोंधळ डिसेंबरात झाला. स्पर्धा कोणाच्या छत्राखाली भरवायची? मला वाटत होतं एका खेळाची एका देशात एक संघटना असते. इथे तसं नाही. ब्रिटिश सायक्लिंग ही यूसीआय या जागतिक संघटनेची इथली सदस्य संस्था. रस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यती, ट्रॅक, सायक्लोक्रॉस, बीएमएक्स यांचा कारभार तिच्याकडे. रेसिंग लायसन तिच्याकडून मिळतं. चौथ्या वर्गापासून सुरुवात, बारा गुण जमले की तिसऱ्यात, अशी शिडी. आणि तिच्या शेजारीच, पूर्ण स्वतंत्र, सायक्लिंग टाइम ट्रायल्स, म्हणजे सीटीटी. इंग्लंड आणि वेल्समधल्या टाइम ट्रायलचा कारभार हिच्याकडे. हिचे नियम वेगळे, जिल्हावार समित्या वेगळ्या, राष्ट्रीय अजिंक्यपदंसुद्धा वेगळी. सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नको हा यूसीआयचा प्रसिद्ध नियम इथे लागू नाही. याशिवाय प्रौढांच्या शर्यती भरवणाऱ्या एलव्हीआरसी आणि टीएलआय या आणखी स्वतंत्र संघटना.

हे सगळं क्लबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मांडलं तेव्हा एका विशीतल्या मुलाने लिहिलं, "कुणीच कशाला हवं? चाळीस जण जमू, मोबाइलवर वेळ लावू, संपलं." सात जणांनी अंगठे वर केले. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

म्हणून नाताळच्या सुट्टीत कायदा वाचायला बसले. १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टचं कलम ३१ छोटंसं आहे, पण स्पष्ट आहे : सार्वजनिक रस्त्यावर सायकलींची शर्यत किंवा वेगाची चाचणी अधिकृत नसेल, ठरलेल्या नियमांप्रमाणे नसेल, तर ती भरवणारा आणि तीत भाग घेणारा दोघेही गुन्हेगार. ते ठरलेले नियम म्हणजे १९६० चे, सायकल रेसिंग ऑन हायवेज या नावाचे. त्यांत मला ती गंमत सापडली जिने पुढचं सगळं सोपं झालं. घोळक्याच्या शर्यतीला पोलिसांची मंजुरी लागते. टाइम ट्रायलला मंजुरी लागत नाही. निदान अठ्ठावीस दिवस आधी कळवावं लागतं. परवानगी नव्हे, वर्दी. आपण अर्जदार नसतो, कळवणारे असतो.

या फरकामागे मोठी भानगड आहे, आणि ती कळल्यावर या दोन संघटनांचा मला राग येईनासा झाला. १८९४ च्या जुलैमध्ये लंडनच्या उत्तरेच्या रस्त्यावर एका ५० मैलांच्या शर्यतीत स्वार आणि एक घोडागाडी यांची गडबड झाली. पोलीस चिडले. तेव्हाच्या राष्ट्रीय संघटनेला, नॅशनल सायक्लिस्ट्स युनियनला, भीती वाटली की आता सायकलीच रस्त्यावरून हद्दपार होतील, आणि तिने रस्त्यावरच्या शर्यतींना पाठ दाखवली. त्या अपघातात सापडलेल्यांपैकीच एक, एफ. टी. बिडलेक. त्यांनी वाट काढली : एकेकटे सोडा, म्हणजे ती शर्यत वाटणारच नाही. ५ ऑक्टोबर १८९५ ला नॉर्थ रोड क्लबाने तशी ५० मैलांची पहिली टाइम ट्रायल घेतली. नंतर कितीतरी वर्षं लोक पहाटे, नखशिखांत काळे कपडे घालून, गुपचूप सायकल चालवत. कोर्सचं, म्हणजे शर्यतीच्या ठरलेल्या मार्गाचं, नाव जाहीर करायचं नाही, नुसता सांकेतिक क्रमांक. ते क्रमांक आजही आहेत. हल शहराजवळचा 'व्ही ७१८' म्हटलं की इथल्या वेगवेड्यांचे डोळे चमकतात, आणि बाहेरच्याला तो एखाद्या बसचा नंबर वाटतो.

मग दुसरं महायुद्ध. पेट्रोलवर निर्बंध, रस्ते मोकळे. वुल्व्हरहॅम्प्टनच्या पर्सी स्टॅलर्ड यांनी युनियनला लिहिलं की आता तरी घोळक्याची शर्यत होऊ द्या. नकार आला. ७ जून १९४२ ला त्यांनी लँगोलेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत ५९ मैलांची शर्यत भरवूनच दाखवली. पोलिसांनी मदत केली, लोक जमले, काहीही विपरीत घडलं नाही. युनियनने मात्र त्यांना निलंबित केलं. नोव्हेंबरात स्टॅलर्ड आणि इतर बंडखोरांनी स्वतःची लीग काढली, ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स. पुढची सतरा वर्षं दोन्ही बाजू एकमेकींच्या खेळाडूंना वाळीत टाकत राहिल्या. १९५९ मध्ये दोघी एक झाल्या आणि आजच्या ब्रिटिश सायक्लिंगची आधीची संस्था जन्माला आली. टाइम ट्रायलवाले त्या लग्नाला गेले नाहीत. त्यांची १९२२ पासूनची परिषद होती, तिचं १९३७ मध्ये रोड टाइम ट्रायल्स कौन्सिल झालं आणि २००२ मध्ये सीटीटी. आमच्या क्लबाचे ऐंशी ओलांडलेले टाइमकीपर आजोबा आजही कुणाला 'लीगर' म्हणतात तेव्हा ती शिवी आहे की शाबासकी, कळत नाही.

जानेवारीत काही सभासदांनी आग्रह धरला की टेन सोडा, सरळ घोळक्याची रोड रेस करू. मी तीन आठवडे चौकश्या केल्या. पोलिसांची मंजुरी, वाहतूक थांबवण्याचा अधिकार असलेले प्रशिक्षित मार्शल, पुढे-मागे मोटारी आणि मोटरसायकली, प्रथमोपचाराचं पथक, पंच. कागदावर हिशेब दोन हजार पाउंडांच्या पुढे गेला तिथे मी वही मिटली. जे लोक दरवर्षी हे करतात त्यांना माझा दंडवत. आमची टेनच बरी.

मधल्या काळात एका लायसनधारक मैत्रिणीने नवीच भीती घातली. यूसीआयचा नियम आहे की लायसनवाल्याने संघटनेच्या दिनदर्शिकेत नसलेल्या शर्यतीत उतरायचं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत यावरून मोठा गदारोळ झाला होता, कारण तिथे स्वतंत्र संघटनांच्या शर्यती पुष्कळ, आणि शेवटी यूसीआयने अंमलबजावणी पुढे ढकलली. "मग तुझ्या टेनला आले तर माझं लायसन जाईल का?" मी आमच्या सीटीटी जिल्ह्याच्या सेक्रेटरींना फोन केला. ते बराच वेळ हसले. इथे ब्रिटिश सायक्लिंगचं लायसन असलेले शेकडो लोक दर आठवड्याला सीटीटीच्या स्पर्धेत उतरतात. उत्तेजकाबद्दलची बंदी मात्र दोन्हीकडे चालते. चाचणी करणारी यूके अँटी-डोपिंग ही संस्था एकच आणि तिची माणसं आमच्यासारख्या गावठी टेनलाही येऊ शकतात. "एक रिकामी खोली आणि स्वच्छतागृह तयार असू द्या," ते म्हणाले. हॉल बघायला गेले तेव्हा मी आधी स्वच्छतागृह पाहिलं.

हे सेक्रेटरी म्हणजे या गोष्टीतले देवमाणूस. निवृत्त, फोनवर मोजकं बोलणारे, पगार शून्य. फेब्रुवारीत त्यांनी मला गाडीत घालून कोर्स दाखवला. प्रत्येक कोर्सचं धोक्यांचं टिपण असतं : कुठे डावीकडून गाड्या घुसतात, कुठे खड्डा, कुठे मार्शल, कुठे पाटी. दहा मैलांना आम्हाला अडीच तास लागले, कारण ते प्रत्येक फाट्याशी थांबून म्हणायचे, "इथे काय चुकू शकतं?" पहिल्यांदा मी म्हटलं, काही नाही. त्यांनी बोट दाखवलं : फाट्यावर घोड्यांच्या तबेल्याची पाटी होती. रविवारी सकाळी तबेल्यात काय चालतं? घोडे बाहेर काढतात. मी वहीत लिहिलं. त्या दिवसापासून मला रस्ता वेगळा दिसायला लागला, अजूनही दिसतो. किराणा आणायला जातानासुद्धा मी मनातल्या मनात मार्शल उभे करते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पोलिसांना वर्दी पाठवली. तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे किती स्वार, माझा फोन. शेवटची मुदत १९ मे होती, म्हणजे मी दोन महिने आधी पाठवत होते. सेक्रेटरींनी मसुदा वाचला आणि एकच वाक्य घालायला लावलं : मुख्य कोर्स वापरता आला नाही तर हा दुसरा कोर्स. मला ते उगाच वाटलं. जास्तीचा कोर्स म्हणजे जास्तीचं टिपण, जास्तीचे नकाशे. घातलं, कारण मोठ्यांनी सांगितलं होतं. पोलिसांकडून पोच आली, दोन ओळींची. ती छापून फायलीत लावली, आणि इतकं हायसं वाटायला लावणारी दुसरी पोच मला तर पासपोर्टचीच आठवते.

प्रवेश ऑनलाइन. स्वार सीटीटीशी जोडलेल्या क्लबाचा सभासद असावा लागतो. आम्ही फी बारा पाउंड ठेवली, अठराखालच्यांना सहा. पहिल्या महिन्यात नऊ नावं आली. मी रात्री दोनदा उठून मोजायची, जणू पोरांच्या लग्नाच्या पत्रिकांना उत्तरं येत नाहीयेत. आजोबा म्हणाले, "सगळे हवामान बघून शेवटच्या दिवशी भरतात. आणि तरी पाऊस पडतो." तसंच झालं. बारा दिवस आधी प्रवेश बंद झाले तेव्हा आकडा ७४.

या सगळ्यात सगळ्यात अवघड काम कागदाचं नव्हतं. मार्शल गोळा करण्याचं होतं. नऊ जण हवे होते. इथले टाइम ट्रायलचे मार्शल गाड्या थांबवू शकत नाहीत, तो अधिकार त्यांना नाही. ते फक्त दिसतात, नारिंगी जाकीट घालून वाहनचालकाला कळवतात की पुढे सायकली आहेत. पुन्हा वर्दीच. पण पहाटे साडेसहाला दोन तास नुसतं दिसायला कोण येणार? ग्रुपवर "कुणी येईल का?" असं तीनदा टाकलं, शून्य. मग एकेकाला फोन केला, जागा आणि वेळ सांगून : "तुम्ही दुसऱ्या राउंडअबाउटला, सहा चाळीस ते साडेआठ, खुर्ची मी आणते." सगळे हो म्हणाले. लोकांना मदत करायची असते, स्वयंसेवक व्हायचं नसतं.

२७ मे, सोमवार. बँक हॉलिडे होता. सवय म्हणून रस्त्याच्या कामांचा नकाशा दाखवणारी वेबसाइट उघडली आणि आमच्या वळसा घालायच्या राउंडअबाउटवर लाल त्रिकोण. १२ ते २० जून, डांबरीकरण, तात्पुरते सिग्नल. आठवड्यापूर्वी तो तिथे नव्हता. स्थानिक परिषदेच्या कार्यालयात दुसऱ्या दिवशी फोन केला. ते म्हणाले, सूचना लावली आहे. कुठे? खांबावर. सिग्नल लागला की घड्याळाशी शर्यत संपली, आणि सिग्नल तोडणाऱ्या स्वाराला बाद करण्यावाचून गत्यंतर नाही. अठ्ठावीस दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती. नवी वर्दी देता येणार नव्हती.

मी स्वयंपाकघरात उभी राहून चक्क रडले. चौऱ्याहत्तर लोकांना काय सांगू? मग फाइल उघडली आणि ते एक वाक्य दिसलं. दुसरा कोर्स वर्दीत होता. सेक्रेटरींना फोन केला तर म्हणाले, "हो, मग तो वापरा," जणू मी विचारलं होतं की छत्री घेऊ का. दोनच दिवसांत सुधारित टिपण, पोलिसांना आठवणीची मेल, मार्शलांच्या जागा नव्याने. दुसरा कोर्स जरा चढाचा, म्हणून तीन-चार वेगवेड्यांनी कुरकुर केली. त्यांना मी खूप गोड उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी नवऱ्याकडून तपासून घेतलं.

मग स्टार्ट शीट. कुणाला कुठला नंबर द्यायचा यात एक शास्त्र आहे. सगळ्यांत वेगवान लोकांना दहाच्या पटीतले नंबर, त्याखालच्यांना पाचावर संपणारे, आणि मधल्या जागी बाकीचे, म्हणजे वेगवान माणसं एकमेकांना गाठत नाहीत. मला हे जमायला एक पूर्ण शनिवार लागला. पहिला स्वार सात वाजून एक मिनिटाने सुटतो, सातला नव्हे. म्हणजे नंबर ३४ चा माणूस ७ वाजून ३४ मिनिटांनी. इतकं साधं आणि इतकं सुंदर की मी ते नवऱ्याला दोनदा समजावून सांगितलं. उशीर झाला तर घड्याळ थांबत नाही. तुमचा वेळ तुमच्या ठरलेल्या मिनिटापासून चालू झालेला असतो.

१५ जूनला संध्याकाळी पाट्या लावल्या, कोर्स शेवटचा फिरून टिपणावर सही केली. १६ जूनला पहाटे चारला उठले. धुकं असेल तर स्पर्धा रद्द करायची आणि तो निर्णय माझा, हे आठवडाभर छातीवर बसलं होतं. पडदा सरकवला : ढग, पण लांबचं चर्च दिसत होतं. पाचला हॉल उघडला. साडेपाचला पहिला स्वार आला, त्याची सुटायची वेळ ७:५२.

सही करून नंबर घ्यायचा. मागचा आणि पुढचा दिवा चालू हवा, हेल्मेट हवं. नसेल तर सुरुवात नाही. हे प्रत्येकाला मेलमध्ये, स्टार्ट शीटवर आणि दारावरच्या कागदावर सांगितलं होतं, तरी चार जण दिव्याशिवाय आले. मी सहा जादा दिवे घेऊन गेले होते, एकेक चार पाउंडांचा. नव्या आयोजकाला माझी एक सूचना असेल तर ती ही. त्या चारांतली एक सोळा वर्षांची मुलगी होती, पहिलीच स्पर्धा, डोळ्यांत पाणी आलेलं. दिवा लावून दिल्यावर ती आजोबांसमोर उभी राहिली. मागून धरणाऱ्याने सायकल पेलली, दोन्ही पाय पेडलवर. "तीस सेकंद... दहा... पाच, चार, तीन, दोन, एक." गेली. आजोबांनी मान वर न करता पुढचा नंबर पुकारला.

सातला दहा कमी असताना एक मार्शल आला नाही. नवरा हॉलमध्ये चहाचं पाणी ठेवत होता. त्याला नारिंगी जाकीट घालून दुसऱ्या फाट्यावर पाठवलं. दोन तासांनी परत आला तेव्हा म्हणाला, तीन जणांनी हात केला, एकाने शिव्या दिल्या, आणि एका बाईने गाडी थांबवून विचारलं की कशासाठी निधी गोळा करताय.

एकसष्ट जण सुटले; तेरा आलेच नाहीत, त्यांतल्या पाचांनी कळवलं होतं. पहिला स्वार परत आला आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. अंतिम रेषा ओलांडल्यावर भर रस्त्यात उलटं वळायचं नाही, हा पक्का नियम आहे. पुढे जाऊन सुरक्षित ठिकाणी वळायचं. आमच्याच क्लबाचा एक जण, माझ्याबरोबर रविवारी सायकल चालवणारा, माझ्या डोळ्यांदेखत वळला. मागून व्हॅन येत होती, तिला ब्रेक लागला. काही झालं नाही. त्याची वेळ त्याच्या आयुष्यातली सर्वांत चांगली होती, हे मला नंतर कळलं. बाद करावं लागलं. हॉलच्या मागच्या दारापाशी त्याला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "मी बघूनच वळलो होतो." मी म्हटलं, मला माहीत आहे. त्यानंतर काय बोलावं ते दोघांनाही सुचलं नाही. तीन आठवडे आमचं बोलणं बंद होतं. नाताळात विशीतल्या त्या मुलाने विचारलं होतं ना, कुणीच कशाला हवं? त्याला मी उत्तर दिलं नव्हतं. व्हॅनच्या ब्रेकचा आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं, हे ते. व्हॅनवाल्याला काही झालं असतं तर विमा होता. संघटनेच्या स्पर्धेत तो असतो, आणि तो तिऱ्हाइताच्या नुकसानीचा असतो, स्वतःच्या मोडलेल्या खांद्याचा नव्हे.

नऊला हॉलमध्ये चहा. आल्याचा चहा केला होता आणि दोन डबे शंकरपाळ्या, केकांच्या जोडीला. शंकरपाळ्या आधी संपल्या. निकाल भिंतीवरच्या कागदावर हाताने लिहिले गेले. सोळा वर्षांची ती मुलगी ३२ मिनिटं ११ सेकंद, आणि ती त्या कागदाचे फोटो काढत होती.

मग लक्षात आलं की नंबर ४७ ने परत आल्याची सही केलेली नाही. आल्यावर नंबर परत द्यायचा आणि सही करायची, हेसुद्धा सक्तीचं आहे आणि मला ते आजवर नुसतं कटकटीचं वाटायचं. फोन उचलेना. मार्शलांना विचारलं : पहिल्या फाट्यावर दिसला होता, दुसऱ्यावर नाही. मी आणि सेक्रेटरी गाडी घेऊन निघालो. चार मैल मी प्रत्येक खड्ड्यात बघत गेले. पंचेचाळीस मिनिटांनी त्याचा फोन आला. पंक्चर झालं होतं, बायको येऊन घेऊन गेली, आणि आता तो घरी आंघोळ करून बाहेर आला होता. काय बोलले ते लिहीत नाही. तुम्ही स्वार म्हणून जात असाल तर, कृपा करून, स्पर्धा सोडलीत तरी येऊन सही करा, नाहीतर कुणाला तरी निरोप द्या.

पाट्या काढल्या, हॉल झाडला, साडेअकराला घरी. झोप लागली नाही.

नंतरचे कागद आठवडाभर पुरले : निकाल वेबसाइटवर चढवणं, बाद केल्याचा अहवाल, व्हॅनच्या प्रसंगाचा वेगळा अहवाल, सह्यांचे कागद जपून ठेवणं, संघटनेची दर प्रवेशामागची लेव्ही भरणं. जमा ८५२ पाउंड. खर्चात लेव्हीचा घास सर्वांत मोठा, मग बक्षिसं १६०, हॉल ७२, चहा-दूध ३८, टाइमकीपरांचं पेट्रोल ३०, बाकी छपाई आणि दिवे. क्लबाच्या हाती १४३ पाउंड उरले. माझा स्वतःचा वेळ मी मोजला नाही. नवऱ्याने मोजला होता, पण मी त्याला आकडा सांगू दिला नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी बाद झालेला मित्र क्लबाच्या राइडला आला. चढावर माझ्या बाजूला येऊन म्हणाला, "पुढच्या वर्षी मार्शल हवेत का?"

सप्टेंबरात जिल्ह्याच्या सभेसाठी पुढच्या हंगामाच्या तारखा मागवल्या. मी रविवार, १५ जून २०२५ लिहून पाठवली. राखीव कोर्सच्या रकान्यात या वेळी दोन लिहिले.